काफ्लिशसाहेबांचं मानपत्र

ॲडम्सटाउन, डब्लिन
१२ जानेवारी २०२५

मामा,

‘तीर्थरूप’ लिहिलं की ‘मी काय नाशिक आहे का’ म्हणता, म्हणून नुसतं मामा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवून ‘जपून’ वापरता, आणि व्हॉट्सॲप तुमच्या मते फुलांचे फोटो पाठवणाऱ्या रिकामटेकड्यांसाठी आहे. तेव्हा दोन हजार पंचवीस साली मी शाईचं पेन घेऊन बसले आहे. इरावती शेजारी उभी राहून विचारते, ‘मॅमी, आर यू इन ट्रबल?’ हो म्हटलं.

काम असं आहे. आमच्या बँकेचे इथले मुख्य साहेब, उर्स काफ्लिश, ३० एप्रिलला निवृत्त होत आहेत. पक्के स्विस. सोळाव्या वर्षी बँकेत चिकटले, आता बासष्ट. त्यांच्या कारकिर्दीवर भाषण मी करायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ‘ग्रँड’ म्हणाले. इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे हं. ग्रँड म्हणजे ‘चालेल, हरकत नाही, माझी काही तक्रार नाही’. दहा वर्षं मी या ऑफिसात प्रत्येक गोष्टीला ग्रँड म्हणत आले आहे.

साहेबांच्या खुर्चीसाठी दोन नावं आहेत. एक फर्गल, एक मी. फर्गल बोलायला लागला की भिंतीसुद्धा हसतात. मी आकडे बरोबर काढते. समारंभाला झुरिकहून मोठी माणसं येणार आणि मला पहिल्यांदाच उभं राहून बोलताना बघणार. मामा, मला ती खुर्ची हवी आहे. सारंगलाही मी हे इतकं स्पष्ट सांगितलेलं नाही, तो आधी पार्टी ठरवेल.

ऑफिसने दिलेला साहेबांचा जीवनक्रम सोबत पाठवते. वाचताना मला दोनदा झोप आली. तुम्ही तुमच्या बँकेत सगळ्यांची मानपत्रं लिहायचात, तर हेही लिहून द्या. भाचीचा हक्क आहे.

आणि हो, तुमचा रिटायरमेंटचा फोटो आमच्या किचनमधल्या प्रेसच्या दारावर आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, विचारू नका का. तुम्ही दारात शाल पांघरून, हातात नारळ, आणि शेजारी मामी, थेट तुमच्या खांद्यावर हात ठेवून! जन्मभर चारचौघांत ती तुमच्या शेजारच्या खुर्चीवरसुद्धा बसली नाही. सारंग त्या फोटोला ‘मामांचा रोमँटिक काळ’ म्हणतो.

तुमची,
मुक्ता

*

सांगली
२७ जानेवारी २०२५

चि. मुक्ता,

आशीर्वाद नेहमीइतकेच. खुर्ची मिळाली की वाढवून देईन.

कट्ट्यावर सांगितलं की भाची स्विस बँकेची साहेब होणार. हर्षवर्धन वकिलांनी लगेच आवाज खाली आणला आणि म्हणाले, आपल्याकडच्या दोन-चार पुढाऱ्यांची खाती दिसतात का, जरा बघायला सांगा तिला. मी म्हटलं, ती डब्लिनला असते, पेट्या झुरिकला. त्यांचा काही विश्वास बसला नाही. आता ते मला रोज आपल्या पैशाने चहा पाजतात. तू घाईने काही कळवू नकोस.

तुझा कागद वाचला. १९७९ शिकाऊ उमेदवार, मग उपव्यवस्थापक, सिंगापूर, लंडन, २००९पासून डब्लिन. अगं, हा माणूस आहे की मालगाडी? प्रत्येक स्टेशनात थांबते आणि उतरत कोणीच नाही.

चौतीस वर्षांत मी त्रेसष्ट मानपत्रं लिहिली. कर्तव्यदक्ष, मितभाषी, अजातशत्रू हे शब्द मी सगळ्यांना सारखे वाटले. एक हेडक्लार्क होते, त्यांच्या तोंडून सकाळचा नमस्कार कधी निघाला नाही, दोन जण त्यांच्यामुळे बदली मागून गेले, त्यांनाही मी अजातशत्रू लिहिलं. सभागृहात हशा पिकला. तेही हसले, नोकरीत पहिल्यांदाच. पण प्रत्येक मानपत्रात एक वाक्य खरं असायचं. ते नसेल तर लोक चहाची किटली कुठे आहे ते बघायला लागतात.

आणि ते वाक्य साहेबांच्या साहेबाला विचारून कधीच मिळत नाही. ते शिपायाला विचारायचं. आमच्या बाळूला न विचारता मी एकही मानपत्र लिहिलं नाही. केबिनचं दार लागल्यावर आतला माणूस कसा असतो ते शिपायालाच ठाऊक. तेव्हा तुमचा शिपाई शोध. ‘आमच्याकडे शिपाई नसतो’ असलं काही ऐकवू नकोस. दार कोण उघडतं?

खुर्ची हवी असं लिहिलंस ते फार बरं केलंस. लहानपणापासून ‘मला काही नको’ म्हणत ताट पुढे सरकवायची सवय तुला. तुझी मामी म्हणायची, या पोरीला भूक लागलेली कळायला ज्योतिषी लागेल.

तो फोटो स्वयंपाकघरातून काढ. तेलकट होईल.

मामा

*

ॲडम्सटाउन
१० फेब्रुवारी २०२५

मामा,

शिपाई सापडला! नाव नोएल. रिसेप्शनला बसतो आणि दार तोच उघडतो. साहेब कसे आहेत विचारलं तर म्हणाला, ‘ग्रँड.’ परत विचारलं, परत ग्रँड. मग मी तुमची युक्ती केली, चहा पाजला. बिस्किटांशिवाय चहा दिला तर इथे अपमान समजतात. तिसऱ्या बिस्किटाला नोएलने इकडेतिकडे बघितलं आणि ‘युवर मॅन’ म्हणून सुरुवात केली. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं इथे नाव घेत नाहीत, ‘तुझा माणूस’ म्हणतात. मामी तुम्हाला ‘आमच्याकडचे’ म्हणायची, तसंच.

सहा वर्षांपूर्वी नोएलची बायको ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलमध्ये होती, सात आठवडे. ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून पोचेपर्यंत भेटायची वेळ संपायची. याने कोणाला सांगितलं नाही. एक दिवस साहेबांनी विचारलं, डबा तसाच का परत नेतोस? दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला साहेब लॅपटॉप घेऊन खाली आले, नोएलच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘गो.’ सात आठवडे, रोज!

येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, नवीन रिसेप्शनिस्ट आला. एका बड्या ग्राहकाने ओली छत्री त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, फरशीवर पाणी गळू देऊ नकोस. साहेबांनी चाळीस मिनिटं ती छत्री कचऱ्याच्या डब्यावर धरली. मग तो ग्राहक वर मीटिंगला जाऊन बसला, दार उघडलं, आणि बँकेचे मुख्य साहेब त्याची छत्री घेऊन आत आले. नोएल हे सांगताना हसून हसून लाल झाला. त्याची बायको आता बरी आहे. तो म्हणाला, शेवटच्या आठवड्यात ती वाचेल असं वाटत नव्हतं, आणि तेव्हा मी रोज तिच्याजवळ होतो.

मी त्याच इमारतीत होते, मामा. मला वाटायचं साहेब दुपारी झुरिकशी बोलत असतात. माझ्याशी दहा वर्षांत ते ‘आकडे पुन्हा तपास, प्लीज’ याच्यापुढे बोलले नाहीत, म्हणून मी त्यांना आखडू ठरवून मोकळी झाले होते.

आणखी थोडं. वडील डोंगरातल्या खेड्यात चीज बनवायचे. २००९मध्ये मंदी होती, तेव्हा साहेबांना डब्लिनचं ऑफिस बंद करायला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. ते दर तीन महिन्यांनी कळवत राहिले, ‘अजून एक तिमाही द्या.’ सोळा वर्षं झाली. आणि नाताळात ते सगळ्यांना स्वतः भाजलेला नाशपातीचा पाव देतात. तो आजवर कोणाला चावता आलेला नाही. आमचा पाव इरावतीने दार उघडं राहावं म्हणून दाराशी लावून ठेवला आहे.

मशीन कानात घाला. कपाटाला ऐकू येऊन काय उपयोग?

मुक्ता

*

सांगली
२५ फेब्रुवारी २०२५

चि. मुक्ता,

छत्री! अगं, छत्री मिळाली म्हणजे मानपत्र मिळालं. बाकीचं मी एका बैठकीत उरकलं. नव्या शाईने लिहिलं आहे, सांभाळून वाच.

‘मा. श्री. उर्स काफ्लिश यांस सादर.

महोदय, आल्प्स पर्वताच्या कुशीत, दूधदुभत्याच्या घरी आपला जन्म झाला. सोळाव्या वर्षी आपण बँकेत पाऊल ठेवलेत आणि शेहेचाळीस वर्षे पाऊल मागे घेतले नाहीत. डब्लिनची कचेरी बंद करण्याची आज्ञा घेऊन आपण येथे आलात. आपल्या प्रदीर्घ सेवेत ही एकच आज्ञा आपण पाळली नाहीत, आणि त्याबद्दल आम्ही एकशे चाळीस जण आपले कृतज्ञ आहोत. आपण कर्तव्यदक्ष आहात, मितभाषी आहात. आपण भाजलेला पाव आमच्या दातांनी स्वीकारला नाही, परंतु हृदयाने स्वीकारला. एका सहकाऱ्याला त्याच्या आजारी पत्नीजवळ वेळेवर पोचता यावे म्हणून आपण सात आठवडे त्याच्या खुर्चीत बसलात, परक्याची ओली छत्री चाळीस मिनिटे धरलीत, आणि याचा उच्चार कधी केला नाहीत...’

इथे ‘अजातशत्रू’ घालायचा आहे, जागा सोडली आहे. त्याला शत्रू आहेत का ते तेवढं कळव. हल्ली मी तपासून घालतो.

आता तयारी. शाल आणि नारळाशिवाय मानपत्र म्हणजे नुसतंच पत्र. नारळ शेंडीसकट हवा, कानाशी हलवून पाणी वाजतं का ते बघ. शाल तिकडचीच चांगली लोकरीची घे, उन्हाळी नको. आणि आपल्याकडे नारळ दिला म्हणजे काय समजतात, हे साहेबांना बोलू नकोस.

परवा तुझ्या वतीने मी आरशासमोर मानपत्र वाचून बघितलं. बरोबर सहा मिनिटं. शेजारच्या स्नेहलताबाई भिंतीवरून म्हणाल्या, कोण रिटायर झालं हो?

मामा

*

ॲडम्सटाउन
१२ मार्च २०२५

मामा,

शत्रू आहेत. झुरिकला.

हे रिटायरमेंट रिटायरमेंट नाहीच. डिसेंबरात झुरिकहून चाळीस नावांची यादी आली होती, या लोकांना कमी करायचं, सही करून पाठवा. साहेबांनी कळवलं, एकेकाला समोर बसवून बोलल्याशिवाय मी सही करणार नाही. अकरा जणांशी बोलून झालं आणि वरून सांगण्यात आलं, पुरे, आता तुम्हीच निघा. चाळिसांत नोएलचं नाव आहे. माझं नाही.

काल तीन ओळींचा मेल आला. श्री. काफ्लिश परस्परसंमतीने संस्थेतून बाहेर पडत आहेत, त्यांच्या योगदानाबद्दल आभार, कोणताही कार्यक्रम आयोजित केला जाणार नाही. शेहेचाळीस वर्षं, मामा, आणि तीन ओळी. त्यात त्यांच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं.

फर्गल मला कालव्याकाठी कॉफीला घेऊन गेला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, खुर्चीचे इंटरव्ह्यू मेमध्ये आहेत, आत्ता जो आवाज करेल त्याचं नाव तिकडे लक्षात राहील, तुझं भाषण राहू दे. आणि मी काय म्हणाले असेन? ग्रँड.

तुमचं मानपत्र प्रेसमध्ये ठेवलं आहे, चांगल्या कपांच्या मागे. साहेबांना एक कार्ड देऊ, सगळे सह्या करतील. शहाणपणाचं तेच आहे ना? मला खुर्ची अजून हवी आहे आणि रात्रभर त्या छत्रीचं वाक्य डोक्यात वाजतं आहे. तुमचं बरं होतं. चेअरमननी स्वतः शाल घातली, तीन तास समारंभ, सात भाषणं. तुम्ही आम्हाला सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या होत्या, सारंग अजून त्यातल्या दोन भाषणांची आठवण काढतो. तुमच्यावर ही वेळ आली असती तर काय केलं असतंत?

मुक्ता

*

सांगली
२६ मार्च २०२५

मुक्ता,

तुझ्या पत्राला मी आधी एक उत्तर लिहिलं. त्यात ‘शहाणपणा केलास, कार्ड पुरे’ असं होतं. ते फाडलं. आज थट्टा नाही, खरं लिहितो, कारण तू सरळ विचारलं आहेस.

माझा समारंभ झाला नाही.

चेअरमनच्या मेव्हण्याच्या कर्जाच्या फाइलवर मी सही केली नव्हती. तारण म्हणून दाखवलेली जमीन मी स्वतः जाऊन बघून आलो होतो, तिथे नदीचं पात्र होतं. मग जे व्हायचं ते झालं. ३१ मे २०१४, शनिवार. सगळ्यांना तोंडी निरोप होता, कार्यक्रम नाही. ज्या सभागृहात मी त्रेसष्ट मानपत्रं वाचली, त्याला कुलूप होतं. माणसं मागच्या दाराने गेली. दोघांनी जिन्यात घाईघाईने हात हातात घेतला आणि तेही निघून गेले. मी कोणाला दोष देत नाही, मुलंबाळं सगळ्यांनाच असतात.

घरी तुम्ही बसलेले होतात. दहा दिवसांनी तू आणि सारंग आयर्लंडला निघणार, म्हणून मुद्दाम भेटायला आला होतात. तुझ्या मामीने, सुलेखाने, सकाळीच शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, आज यांचा सत्कार आहे. मी मारुती रोडवर गेलो आणि एक शाल घेतली, एक नारळ घेतला. दुकानदाराने विचारलं, कोणाचा सत्कार? मी म्हटलं, आमच्या एका साहेबांचा. कोपऱ्यावर येऊन शाल स्वतःच अंगावर घेतली.

ती सात भाषणं मी रस्त्यात रचली. चांगली झाली होती, नाही? तुम्ही सगळे हसलात, सुलेखाने ओवाळलं, तू फोटो काढलास. म्हणून तुला सांगत होतो तो फोटो काढ.

समारंभ झाला नाही याचं मला काही वाटत नाही आता. सही केली नाही याचा तर अभिमानच वाटतो. पण सुलेखाला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सदतीस वर्षांच्या संसारात तिच्याशी एवढं एकच खोटं बोललो, आणि ती ते खरं समजून गेली. दोन हजार एकवीसमध्ये, हॉस्पिटलात, तिच्या उशाशी बसून दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. नाही जमलं. त्याची मला रोज लाज वाटते.

तुला काय कर म्हणून मी सांगणार नाही. खुर्चीची आशा मला तुझ्याइतकीच आहे. एवढंच लिहितो की त्या दिवशी कोणी एकानेसुद्धा उभं राहून दोन वाक्यं वाचली असती, तर मला मारुती रोडवर जायला लागलं नसतं.

मामा

*

ॲडम्सटाउन
१७ मे २०२५

मामा,

आधी माझं सांगते, मग तुमची फाइल उघडते.

कार्यक्रम करायचा नाही असा हुकूम होता ना? केलाच नाही. हॉल नाही, खुर्च्या नाहीत, आमंत्रण नाही. ३० तारखेला चार वाजता साहेब निघताना खाली रिसेप्शनला आले, आणि एकशे तीस माणसं योगायोगाने तिथेच उभी होती. किल्ल्या ताब्यात घ्यायला झुरिकहून आलेले गृहस्थ लिफ्टपाशी. नोएलच्या हातात स्टीलचं ताट, त्यात डोनेगॉलची राखाडी लोकरीची शाल आणि ल्यूकनच्या इंडियन शॉपमधला नारळ, शेंडीसकट, पाणी वाजवून घेतलेला. दुकानदारीणबाईंनी विचारलं, कोणाची पूजा? मी म्हटलं, आमच्या साहेबांचा सत्कार. मग दुकानाबाहेर येऊन बराच वेळ गाडीत बसून राहिले.

मी इंग्रजीत वाचलं. पावाच्या वाक्याला सगळे हसले. छत्रीच्या वाक्याला कोणी हसलं नाही, नोएलने तेवढं ताट छातीशी ओढून धरलं. आणि तुम्ही जागा सोडली होतीत तिथे मी ‘अजातशत्रू’ हा शब्द मराठीतच म्हटला. सांगितलं की ज्याचा शत्रू अजून जन्मला नाही, असा माणूस. आणि लिफ्टकडे बघितलं. मामा, मी! ताट पुढे सरकवणारी!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, ‘आकडे बरोबर आहेत.’ एवढंच. पण शाल अंगावर घेतली आणि विचारलं, हे फळ इथेच फोडायचं का? नोएलने ते बाहेर डॉकच्या दगडी काठावर फोडलं. निम्मं पाणी फर्गलच्या बुटांवर. त्याने दोन तुकडे खाल्ले. शाल पांघरूनच साहेब डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, घरी गेले.

इंटरव्ह्यू बाराला झाला. परवा कळलं, खुर्ची फर्गलला. वाईट वाटलं, खूप. बाथरूममध्ये जाऊन रडले, मग सारंगच्या आणि पिझ्झाच्या देखत परत रडले. पण काल फर्गल स्वतः माझ्या टेबलापाशी आला. चाळीस जणांची यादी अजून त्याच्याकडे पडून आहे. म्हणाला, मीही एकेकाशी बोलायला हवं का? या वेळी मी ग्रँड म्हणाले नाही. म्हटलं, नोएलपासून सुरुवात कर, मी शेजारी बसते.

आता तुमचं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी फोटो प्रेसवरून उतरवला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला. अकरा वर्षं आम्ही ज्याला रोमान्स म्हणत होतो तो मामीचा हात खांद्यावर नीट ठेवलेलाच नाही. बोटं मिटलेली आहेत. त्यांच्या खालून पांढऱ्या कागदाचा कोपरा दिसतो आणि दोऱ्याचं टोक. शालीचं लेबल, मामा. तुम्ही काढायला विसरलात. ती ते मुठीत धरून उभी आहे. फोटो मोठा करून सोबत पाठवला आहे, चष्मा लावून बघा.

मग तुम्ही शिकवलंत तेच केलं. शिपायाला विचारलं. सारंगने बाळूकाकांचा नंबर शोधून काढला. बाळूकाकांनी सगळं सांगितलं. त्या शनिवारी दुपारी दोन वाजता ते सायकल मारत तुमच्या घरी गेले होते. आम्ही तेव्हा गणपतीच्या देवळात गेलो होतो. त्यांनी मामीला सांगितलं, वहिनी, कार्यक्रम काही होत नाही, साहेब रिकाम्या हातानं येतील, काही विचारू नका त्यांना.

मामी म्हणाली, ‘रिकाम्या हातानं नाही यायचे ते. बघच तू.’ आणि उठून ओवाळायचं ताट घासायला घेतलं.

म्हणजे तुम्ही मारुती रोडला पोचायच्या आधी तिला ठाऊक होतं.

तुमची,
मुक्ता

ता. क. साहेब आता वेळ जात नाही म्हणून भर मेमध्ये पाव भाजत आहेत. मानपत्र कोणी लिहिलं ते मी त्यांना सांगितलं. तुमच्यासाठी एक दिला आहे, वेगळ्या पार्सलने येईल.

*

सांगली
३१ मे २०२५

चि. मुक्ता,

आशीर्वाद वाढवून देत आहे. खुर्ची गेली तरी.

फोटो मिळाला. कपाटातून शाल काढून बघितली. लेबल नाही. जिथे होतं तिथे त्याच रंगाच्या दोऱ्याने घातलेले चार बारीक टाके आहेत. मी कधी उलगडून बघितलीच नव्हती, लाजेने. तिने केव्हा घातले देव जाणे.

आज तारीख बघितलीस ना? अकरा वर्षं झाली. भर उन्हाळ्यात शाल पांघरून व्हरांड्यात बसलो आहे. हर्षवर्धन वकील येऊन विचारून गेले, ताप आहे का? मशीन कानात होतं, त्यामुळे मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. ते जरा निराश झाले.

तुझ्या साहेबांचा पाव आला. चहात भिजवून चौथ्या दिवशी हरला. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की सांगलीत कधी आले तर त्यांची छत्री मी धरीन.

त्या संध्याकाळी ओवाळताना सुलेखाने विचारलं होतं, ‘कोण कोण बोललं?’ मी एकेक नाव सांगत गेलो आणि प्रत्येक नावाला ती मान हलवत गेली. सातवं भाषण संपल्यावर म्हणाली, ‘आणखी कोणी नाही बोललं?’ मग मी आठवं रचलं. तेवढ्यात तू फोटोसाठी हाक मारलीस.

अकरा वर्षं मी गावाला खोटं सांगत होतो की माझा निरोप समारंभ झाला. झाला होता की गं.

तुझा,
मामा